खोली नंबर चारचा सेटअप बॉक्स

मी सेटअप बॉक्स बोलतोय. कागदोपत्री माझं नाव सेट-टॉप बॉक्स असं आहे, पण सिल्वासा आणि नरोली मिळून तीन-चार वर्षं काढली, त्या नावानं मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. तेव्हा सेटअप तर सेटअप. आधीच सांगून ठेवतो, मी जरा तापट आहे. दिवसाचे सोळा तास चालू ठेवा आणि वर ओला टॉवेल वाळत घाला, मग कुणाचं डोकं थंड राहतंय ते बघू.

माझ्या जन्माची हकिगत फारशी सांगण्यासारखी नाही. एका लांबलचक पट्ट्यावरून आम्ही हजारो भावंडं सरकत होतो. कुणी पोटात सर्किट बसवलं, कुणी झाकण ठोकलं, एका बाईंनी पाठीवर नंबराचा कागद चिकटवला. एवढंच काय ते माझं बारसं. मग थर्माकोलमध्ये बसून सिल्वासाला आलो, तो थेट अनंत केबलवाल्याच्या दुकानात.

हा अनंत म्हणजे अजब माणूस. खांद्यावर वायरीचं भेंडोळं, मागच्या खिशात पक्कड, आणि खांबावर चढला की तोंड सुरू. फोनवर गिऱ्हाइकाशी गुजरातीत गोड बोलणार, खाली उभ्या असलेल्याला हिंदीत थांबवणार आणि वायरीला मात्र मराठीत शिव्या घालणार. 'पाच मिनिटांत येतो' हे वाक्य तो दिवसातून चाळीस वेळा म्हणतो. त्यातली पाच मिनिटं कधी संपलेली मी पाहिली नाहीत.

पहिली नोकरी मला माधवरावांच्या फ्लॅटमध्ये लागली. पुण्याचे इंजिनीअर, इथल्या एका कंपनीत मॅनेजर. भिंतीवर दाराएवढा टीव्ही. मी म्हटलं, नशीब काढलं! पण कसचं काय. माधवराव आतल्या खोलीत लॅपटॉपवर काहीतरी बघायचे, त्यांची बायको वर्षाताई ओट्यापाशी मोबाईल उभा करून दुसरंच काहीतरी बघायच्या, आणि मी हॉलमध्ये रिकाम्या सोफ्याला बातम्या सांगत बसायचो. मध्येच आतून आवाज यायचा, "अगं, तो टीव्ही बंद कर ना!" बाहेरून उत्तर, "तुम्हीच लावलाय, तुम्हीच करा." मग तासभर कुणीच यायचं नाही. वर्षभरात त्यांनी अनंतला फोन केला, "आम्ही ओटीटी घेतलंय, हा बॉक्स घेऊन जा." माझ्यावर त्यांचा काही राग नव्हता. ते मला फार लागलं. भांडून काढलं असतं तर निदान मी होतो असं तरी वाटलं असतं.

मग आलो सिल्वासाजवळच्या नरोलीला. काळूभाईंची चाळ, दहा खोल्यांची एक रांग, समोर लांब ओटा आणि टोकाला नळ. खोली नंबर चारमध्ये झुंबर राहतो. धुळे जिल्ह्यातला, साक्रीकडचा. धाग्याच्या कंपनीत ऑपरेटर, शिफ्ट दर आठवड्याला बदलणार. त्याची बायको सरिता एका कंपनीत पॅकिंगला, सकाळी जाते ती साडेसातला येते. मुलगा विकी बावीस वर्षांचा, प्लॅस्टिकच्या कंपनीत हेल्पर. त्याचे कान मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा मोकळे पाहिले नाहीत, सदानकदा त्यात ती मोबाईलची बोंडं. आणि चौथी बायडाबाई, झुंबरची माय.

खरं तर मला आणलं ते बायडाबाईसाठी. म्हातारा गेला, गावातलं घर कुलूप लावून बंद झालं, आणि झुंबरनं मायला इथं आणलं. घरची तिघं कामाला गेली की बायडाबाई उंबऱ्यात बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायची. तिची बोली अहिराणी. समोरच्याला अर्धं कळायचं, अर्धं कळल्यासारखं तो मान हलवायचा. चार महिन्यांत ती निम्मी झाली. झुंबर सरिताला म्हणाला, "मायला सोबत पाहिजे." सोबत म्हणून मी आलो. माझ्या आयुष्यात मला 'सोबत' असं कुणी म्हटलं, ते पहिल्यांदा.

आणि काय मान दिला हो तिनं! माझ्यासाठी लोकरीचं विणलेलं झाकण केलं, त्यात माझी हवेची भोकं सगळी बंद, पण मी तक्रार केली नाही. दसऱ्याला झुंबर कंपनीत मशीनची पूजा करून आला, तेव्हा बायडाबाईनं घरात माझी पूजा केली. "हाऊ पन राबस दिवसभर," म्हणाली आणि हळदकुंकू लावलं ते नेमकं रिमोटच्या डोळ्यावर. चार दिवस मला कुणाचं काही दिसेना. विकीनं कंटाळून बोटानं पुसलं तेव्हा कुठं नजर आली.

आता सातच्या गोष्टीवर येतो. चाळीतल्या खोल्या म्हणजे एकच एक खोली. आणि सगळी माणसं शिफ्टची. कुठल्याही वेळेला जा, एखादा तरी गडी रात्रपाळी करून पांघरूण ओढून झोपलेला. तिथं टीव्ही लावायची सोय नाही. झुंबर मात्र झोपायला पक्का, उशाशी बँडबाजा वाजला तरी कूस बदलणार नाही. म्हणून संध्याकाळी सातला चाळीतल्या बायका खोली नंबर चारमध्ये जमायला लागल्या. शेजारची नंदुरबारची मंगला, औषधाच्या कंपनीत लाइन सुपरवायझर असलेली जव्हारची सोनम, उत्तर प्रदेशची गुड्डी, आणखी चार-पाच जणी. मी सातच्या ठोक्याला शर्वरीची मालिका लावायचो. शर्वरी म्हणजे त्यातली सून. तिच्या नवऱ्याची, शंतनुची, स्मरणशक्ती गेलेली, आणि सासू त्याला सांगत सुटलेली की तुझं लग्नच झालेलं नाही.

त्या सासूला या बायका जे बोलायच्या ते मी इथं सांगू शकत नाही. गुड्डी हिंदीतून, मंगला मराठीतून, आणि बायडाबाई अहिराणीतून. सासूला शिव्या देता देता गुड्डीला अहिराणी यायला लागली, बायडाबाईला हिंदी. जाहिरात लागली की कुणाच्या पोराचा ताप, कुणाच्या गावाकडची बातमी, कुणी डब्यातून शेवभाजी आणलेली. उंबऱ्यात बसून वाळत चाललेली ती म्हातारी, तिच्याभोवती आठ-आठ बायका! आणि हे सगळं माझ्यामुळं. मी फुगलो होतो, कबूल करतो. मला वाटायचं, चाळ माझ्या जिवावर चाललीय.

तर एका दिवाळीनंतर विकीनं घरात बैठक बोलावली. म्हणाला, "पप्पा, केबल बंद करू. अनंतभाईला फोन केला की पाच मिनिटात म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी येतो. वारा सुटला की चॅनल गायब. वायफाय घेऊ, टीव्हीला एक स्टिक लावू, ॲपवर सगळं दिसतं."

खोटं बोलत नव्हता, म्हणून तर माझा तिळपापड झाला. वारा सुटला की मी जायचो, हे खरं आहे. पण त्यात माझा काय दोष? वायर खांबावरची, खांब सरकारचा.

झुंबर म्हणाला, "मायला जमेल का ते?"

"का नाही जमणार? आजी, ऐक. तुझी मालिका तू आता कधीपण बघ. सातची वाट बघायची गरजच नाही!"

बायडाबाई गोंधळली. "कधीपन म्हंजे कव्हय?"

"कधीपण म्हणजे कधीपण. सकाळी बघ, दुपारी बघ."

पोरगं मनापासून बोलत होतं. आजीला सोन्याची वस्तू आणून दिल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता. बायडाबाईनं बरं म्हणून मान हलवली.

आणि टीव्हीच्या मागे ती काडी बसली. बोटाएवढी! ना दिवा, ना आकडे, ना पाठीवर धड जागा. माझी वायर काढली, अनंतला फोन केला. तो म्हणाला, "पाच मिनिटांत येऊन घेऊन जातो." म्हणजे मला भरपूर मुदत मिळाली. बायडाबाईनं मला फडताळावरून हलवू दिलं नाही. नव्या रिमोटमध्ये बोलून हुकूम द्यायची सोय होती. तिनं चार दिवस त्या काडीला अहिराणीतून समजावलं. काडी आपली दर वेळी म्हणायची, समजलं नाही. मला आतून गुदगुल्या होत होत्या.

पण खरा घोटाळा पुढंच झाला. विकी मनाचा मोठा. मंगलानं विचारलं, "आमच्या मोबाईलवर पण लागंल का रे ते ॲप?" यानं पासवर्ड दिला. मंगलाचं बघून सोनमला दिला, सोनमचं बघून गुड्डीला, आणि आठवड्याभरात सगळ्या चाळीला. आता झोपलेल्या नवऱ्याच्या उशाशी बसून, कानात बोंडं घालून, भाकरी थापता थापता मालिका बघता यायला लागली. कुणाकडं जायचं काम उरलं नाही.

पहिल्या दिवशी सात वाजले. बायडाबाईनं चटई अंथरली होती. सव्वासात झाले. कुणी आलं नाही. तिनं दारात जाऊन पाहिलं. शेजारी मंगला कानात वायर घालून पीठ मळत एकटीच हसत होती. बायडाबाई आत आली, चटईच्या एका कडेला बसली आणि शर्वरीचं सगळं रडणं एकटीनं बघितलं. सासूला एक शिवीसुद्धा घातली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी तिनं चटईच काढली नाही, मालिकाही लावली नाही.

त्या रविवारी जेवताना ती म्हणाली, "झुंबर, मी गावले जास."

झुंबरचा घास हातातच राहिला. "गावाला? माय, तिथं कोण आहे? घर बंद पडलंय, तुला बीपी, काही झालं तर पाणी द्यायला माणूस नाही."

"आठे तरी कोन शे?" बायडाबाई म्हणाली.

इथं तरी कोण होतं तिला, खरंच? सरितानं ताट बाजूला सारलं. "आत्या, मी काम सोडू का?" असं तिनं विचारलंही. बायडाबाई तिच्यावरच ओरडली, "येडी का काय तू?" आणि पुढच्या रविवारी गाडीत बसवून द्यायचं ठरलं. झुंबर मशीनवर बारा तास उभा राहणारा गडी, पण तो आठवडाभर घरात बसल्या बसल्या दमल्यासारखा दिसत होता. मायला नाही म्हणवेना, आणि त्या बंद घरात एकटी सोडवेना.

आता माझं ऐका, आणि मला नावं ठेवा. मला आनंद झाला होता. कारण बायडाबाईनं पिशवी भरायला घेतली तेव्हा लुगड्यांच्या घडीत पहिला मला ठेवला. अनंतचा फोन आला तर म्हणाली, "हाऊ डबा मी संगे ली जास. गावले लावसू." साक्रीला तिसऱ्याच माणसाची केबल, तिथं मी चालणारच नव्हतो, पण हे तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी लुगड्यात बसून स्वप्नं बघत होतो. ती आणि मी, दोघंच, दिवसभर! ती तिकडं पाण्याविना पडून राहिली तर मी काय करणार, पाणी देणार होतो का? हा विचार मला शिवलासुद्धा नाही. अजून आठवलं की लाज वाटते.

शुक्रवारी मात्र गंमत झाली. त्या दिवशी शंतनुची स्मरणशक्ती परत येणार होती. नवा भाग ॲपवरही सातलाच यायचा, म्हणून सात वाजता आमची खोली सोडून नऊच्या नऊ खोल्यांत मोबाईल उघडले. आणि ॲपनं सांगितलं, एका वेळी दोनच पडद्यांवर बघता येईल. दोघींचं लागलं, बाकीच्या सात जणींचं बंद! ओट्यावर एकच कल्ला उठला.

"किसने देखना चालू रखा है? बंद करो!"

"मी आधी लावलंय, मी का बंद करू?"

"अगं, निदान त्याला आठवलं का तेवढं तरी सांग!"

शेवटी सोनम सुपरवायझर पुढं झाली. तिनं कंपनीतल्यासारखा तक्ताच लिहून नळापाशी चिकटवला. पहिली शिफ्ट सात ते साडेसात, खोली एक आणि दोन. दुसरी शिफ्ट साडेसात ते आठ, खोली तीन आणि पाच. असं करत शेवटची शिफ्ट नऊला. पण पहिल्या शिफ्टवाल्यांच्या किंकाळ्या भिंतीतून शेवटच्या शिफ्टवाल्यांना ऐकू येणारच की. "त्याला आठवलं, त्याला आठवलं!" असं गुड्डी सात वाजून वीस मिनिटांनी ओरडली आणि मंगलानं तिच्याशी बोलणं टाकलं.

बायडाबाई पिशवीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. विकी आला तसं तिनं विचारलं, "हाई काय भानगड शे रे?"

विकीनं बोंडं काढली. "आजी, आपल्या प्लॅनमध्ये दोनच पडदे चालतात. दोघं बघत असले की तिसऱ्याला मिळत नाही. त्यातल्या एकानं बंद केलं तरच."

बायडाबाईनं जरा विचार केला. "म्हंजे तुना बाप सांगस तसं? रिलिव्हर येस नही तवरोक मशीन सोडानं नही?"

"हां! एकदम तसंच."

झुंबरच्या कंपनीतला हा कडक नियम. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायची नाही. मशीन ज्याच्या हातात, तो मालक. बायडाबाईनं मान हलवली. मी पिशवीतून तिचा चेहरा बघितला. बाई बदलली होती.

शनिवारी घरात कुणी नव्हतं. सातला वीस मिनिटं कमी असताना बायडाबाई उठली. विकीचा काच तडकलेला जुना मोबाईल तिच्याकडं होता, गावाकडं फोन करायला. त्यात ॲप विकीनंच घालून दिलं होतं. तिनं त्यावर शर्वरीचं चित्र शोधलं, दाबलं, आवाज बंद केला, मोबाईल फडक्यात गुंडाळला आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. एक पडदा गेला. मग टीव्ही लावला. दुसरा गेला. दोन्ही मशीन तिच्या ताब्यात, आणि रिलिव्हर कुणी नाही! मग पिशवीजवळ आली, माझ्यावरचं लुगडं जरा सारलं आणि म्हणाली, "तू उगामुगा ऱ्हाय." माझ्यात वीजच नव्हती, मी काय बोलणार होतो? पण शपथ घेतल्यासारखा गप्प झालो.

सात वाजले. पहिल्या शिफ्टचं लागेना. तक्त्यावरून नवं भांडण सुरू झालं. दहा मिनिटांनी मंगला दारात आली. "आजी, तुमच्याकडं लागलंय का?"

बायडाबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "लागेल शे वाटतं. बस."

मंगला बसली. मंगला आत आहे म्हटल्यावर सोनम आली. गुड्डी दारात घुटमळत होती, तिला मंगलानंच हात धरून आत ओढलं, कारण मंगलाच्या पोटात कालच्या भागाचे प्रश्न मावत नव्हते. साडेसातला खोली गच्च भरली. झुंबर ड्यूटीवरून आला तेव्हा मायला चार बायकांच्या मध्ये बसून सासूला झोडताना बघून दारातच थांबला. दुसऱ्या दिवशी त्यानं हळूच विचारलं, "माय, निघायचं का गाडीला?"

"आते नको. पुढला रविवारले देखसू."

असे किती रविवार गेले ते मी पिशवीत बसून मोजत होतो. पिशवी तिनं सोडली मात्र नव्हती. भरलेलीच ठेवली होती कोपऱ्यात. काय सांगावं, उद्या पुन्हा कुणी आलं नाही तर?

एकदा मात्र अगदी जिवावर बेतलं. बायडाबाई मोबाईलचा आवाज बंद करायला विसरली. टीव्हीवर शर्वरी म्हणाली, "मी हे घर सोडून जाणार नाही!" आणि क्षणभरानं पिठाच्या डब्यातून शर्वरी पुन्हा म्हणाली, "मी हे घर सोडून जाणार नाही!"

बायकांनी माना वळवल्या. गुड्डी म्हणाली, "दादी, डिब्बे में से आवाज?"

"भितमाधून येस," बायडाबाई म्हणाली. "पातळ भित. काळूभाईले सांगानं शे." आणि उठून डब्यावर उशी ठेवली, वर स्वतः बसली. डब्यात शर्वरी रडत होती, वर बायडाबाई घामानं डबडबली होती. माझी हसून हसून पुरेवाट. त्या काडीला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बायडाबाईचं गुपित जगात फक्त मला ठाऊक आहे, या विचारानं मी पुन्हा पहिल्यासारखा फुगलो.

आणि मग विकी हेल्परचा ऑपरेटर झाला. त्या आनंदात तो पेढे घेऊन आला, तेही नेमका सातला, सगळ्या जमलेल्या असताना. पेढे वाटले आणि म्हणाला, "आजी, तुझ्यासाठी एक गंमत आहे. उद्या मोठा प्लॅन घेतो. दहा पडदे! तुम्ही सगळ्या आपापल्या घरी आरामात बघा. ही गर्दी नको, भांडण नको."

बायडाबाईच्या हातातला पेढा हातातच राहिला. ती हसायला गेली पण ते जमलं नाही. तिनं कोपऱ्यातल्या पिशवीकडं पाहिलं. अरे विकी, अरे गाढवा! मी लुगड्यातून किती ओरडलो! अहो, कुणीतरी सांगा या पोराला! दहा पडदे आणशील आणि आजी घालवून बसशील! माझा आवाज कुठला निघतोय. मला त्या वेळी कळलं की तिनं जाऊ नये असं मला वाटतंय. पिशवीत मी असलो तरी जाऊ नये.

मग मंगला म्हणाली, "काही नको मोठा प्लॅन."

"का काकू?"

"का म्हंजे? कानात बोंडं घालून एकटीनं बघायचं, आणि त्या सासूला शिव्या कुणाबरोबर घालायच्या? भिंतीबरोबर?"

सोनम म्हणाली, "आणि आजीचं पीठ चाळायचं कुणी?"

सगळ्या एकदम हसल्या. बायडाबाईचा चेहरा पडला. "कसानं पीठ?"

"आजी," मंगला म्हणाली, "दोन महिने झाले. तुम्ही नळावर होता, मी उसनं पीठ घ्यायला आले. डबा उघडला तर आत शर्वरी. झाकण लावलं आणि गप घरी गेले. तेवढं या सगळ्यांना सांगितलं."

"मेरे को तो पहले दिन से डाउट था," गुड्डी म्हणाली.

दोन महिने! सगळ्यांना ठाऊक होतं! तरीही रोज सातला, "आजी, तुमच्याकडं लागलंय का?" असं साळसूदपणे विचारत येत होत्या. मोबाईल तर त्या आता उघडूनही बघत नव्हत्या. बायडाबाई रोज दोन-दोन मशीन धरून बसायची ती उगीचच. आणि मी, जगातला एकटा साक्षीदार म्हणून मिरवणारा, चाळीतला शेवटचा शहाणा निघालो.

बायडाबाईनं पदर तोंडाला लावला. आधी वाटलं हसतेय. मग दिसलं की रडतेय, आणि मग दोन्ही. नुकत्याच कामावरून आलेल्या सरितानं पाणी दिलं. झुंबर दारातून सगळं ऐकत होता. तो आत आला, कुणाला न विचारता कोपऱ्यातली पिशवी उचलली, मायपुढं ठेवली आणि म्हणाला, "माय, ही सोड आता." विकीनं कानातली बोंडं काढून खिशात टाकली आणि मंगलाशेजारी चटईवर बसला. शर्वरी कोण, शंतनु कोण, हे त्याला पहिल्यापासून सांगण्यात त्या दिवशीचा भाग कुणी बघितलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पिशवी सोडली. लुगडी दोरीवर गेली, चष्म्याचं घर फडताळात गेलं, आणि मी उरलो. त्याच आठवड्यात अनंतची पाच मिनिटं संपली आणि तो मला न्यायला आला.

"काय आजी, बॉक्स गावाला नेणार होता ना?"

"कोन? मी?" बायडाबाई म्हणाली. "माले कोठे टाइम शे गावले जावाले? ली जाय भाऊ, कोनी म्हातारी एकली व्हई तिले दे." तिनं मला पदरानं पुसलं, विणलेलं झाकण घातलं आणि अनंतच्या हातात दिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. दोन वर्षांची सोबत, एवढं तर हवंच. तेवढ्यात ओट्यावरून मंगलानं हाक मारली, "आजी, सात वाजले!" आणि बायडाबाई 'उनू, उनू', म्हणजे आले, आले, करत, चटई सावरत आत पळाली. माझा निरोप घ्यायचा राहिलाच.

सध्या मी अनंतच्या दुकानात फळीवर आहे. हल्ली नवं कनेक्शन कुणी मागत नाही. परवा जवळच्या रांधा गावाहून एकानं चौकशी केली, आई घरात एकटी असते म्हणाला. अनंत त्याला म्हणाला, पाच मिनिटांत येतो. तुम्ही रांध्याचे असाल तर त्या माणसाला जरा धीर धरायला सांगा, मी तयार आहे. वायर द्या, वीज द्या, शेजारणींना पहिले आठ दिवस तुम्ही हाक मारा, पुढचं मी बघतो. आणि तिथल्या म्हातारीनंही एक दिवस मला असंच विसरून जावं.